विटेची वाट पाहणारे हात

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही आपली जुनी म्हण. ज्यानं ती पहिल्यांदा उच्चारली त्याचं घर ठरल्या वेळेत आणि ठरल्या पैशांत झालेलं नसणार, हे उघड आहे. आजही दोन खोल्यांचं घर असो की नदीवरचा पूल, ‘काम दिवाळीपर्यंत उरकतो’ असं कुणी म्हटलं, की आपण मनातल्या मनात पुढचा गुढीपाडवा धरतो. काम का रेंगाळलं म्हणून विचारावं, तर मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे आणि मुकादम मजुरांकडे. मजुराला बोट दाखवायला कुणी उरत नाही. म्हणून ‘हल्लीचे मजूर काम करत नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे शेवटचं ठरतं.

हे वाक्य खरं आहे का, याचा शोध घेणारी एक विद्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत उभी राहिली. तिला बांधकाम व्यवस्थापन म्हणतात. मी कवितेच्या प्रांतातला माणूस. पण या विद्येचा इतिहास वाचताना ती सिमेंट-लोखंडापेक्षा माणसांविषयीच अधिक बोलते आहे, असं मला वाटत राहिलं. त्या इतिहासातल्या काही पानांविषयी आज बोलायचं आहे.

सुरुवात आपल्या अंगणातून करू. मुंबईहून पुण्याला येताना पळसदरी सोडलं, की गाडी बोरघाट चढू लागते. लोणावळ्यापर्यंतच्या सुमारे पंचवीस किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. हे काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. जेम्स बर्कले हे रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंते. काम ऐन भरात असताना, १८६१ च्या सुमारास, या डोंगरावर बेचाळीस हजारांच्या आसपास माणसं राबत होती. ती कंपनीची नोकर नव्हती. इंग्रज ठेकेदार, त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्याच्या खाली मुकादम आणि मुकादमाच्या मागे टोळी, अशी ती उतरंड. वरून निघालेला पैसा याच वाटेनं झिरपत खाली यायचा. मुकादम हा मूळ अरबी शब्द. मुकद्दम म्हणजे पुढे असलेला. घाटात टोळीच्या पुढे तो असे आणि पगाराच्या रांगेतही तोच पुढे असे.

१८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यावरून या घाटात मजुरांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी पहिला ठेकेदार फॅविएल काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनं मात्र ठेका सोडला नाही. दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती कामाची देखरेख देऊन तिनं तो तडीला नेला. मजुरीचे तंटे तातडीनं निकालात काढावेत म्हणून सरकारनं १८६० साली कायदा केला. पटकीच्या साथींत किती माणसं याच डोंगरात राहिली, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. पुढे १८६७ साली याच घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. चौकशीत बांधकामाचा दर्जाच निकृष्ट निघाला.

मजुरी वेळेवर न मिळणं, कामाची साखळी लांबत जाणं, वरच्याला खालचं न दिसणं आणि शेवटी बांधकाम ढासळणं, हे सगळे प्रश्न असे बोरघाटात एका जागी दिसतात. पूल पडल्यावर चौकशी झाली. पण गवंड्याच्या हाताकडे संशोधकाच्या नजरेनं पाहण्याचं काम आणखी अठरा वर्षांनी, सातासमुद्रापार बॉस्टन शहरात सुरू झालं.

१८८५ साली फ्रँक गिलब्रेथ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तिथं एका ठेकेदाराकडे गवंड्याचा उमेदवार म्हणून लागला. त्याला मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळू शकत होता, पण त्यानं थापी हातात घेतली. त्याला शिकवायला जे गवंडी होते, त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. एकच गवंडी तीन तऱ्हांनी वीट लावतो. नवशिक्याला शिकवताना एक तऱ्हा, सावकाश काम करताना दुसरी आणि घाईत असताना तिसरी. मग यातली खरी कुठली?

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या मोहल्ल्यात गवंडीकाम करणारी घरं बरीच होती. त्यांतल्या एका बुजुर्ग मिस्त्रींना आम्ही सगळी पोरं चाचा म्हणत असू. मालक समोर असताना चाचांचा ओळंबा जरा जास्तच वेळ डुलत राहायचा. मालक गेला, की डोळ्यांनीच भिंत जोखून ते तिप्पट वेगानं थर चढवायचे, आणि तरी भिंत सुतात असायची. पण वाळूची गाडी आली नाही म्हणून दुपारीच परत यावं लागलं, की ते ओट्यावर बसून राहायचे. अर्ध्या दिवसाचा रोज बुडालेला असायचा. एकदा म्हणाले, “काम से नई थकता बाबा आदमी, राह देख-देख के थकता.” ते वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. बांधकामाचा इतिहास वाचताना ते पुन्हा पुन्हा समोर येत गेलं.

गिलब्रेथनं प्रत्येक हालचाल मोजायला घेतली. विटांचा ढीग पायाशी, गवंडी उभा. एक वीट घ्यायची तर खाली वाकायचं आणि पुन्हा उठायचं. पाच पौंडांच्या विटेसाठी दीडशे पौंडांचं शरीर दोन फूट खाली-वर न्यायचं, तेही दिवसभरात शेकडो वेळा. त्यानं परांचीची रचना बदलली. विटा आणि मसाला गवंड्याच्या हाताच्या उंचीवर राहील आणि भिंत चढेल तशी परांचीही चढेल, अशी सोय केली. बिगाऱ्यानं विटा आधीच निवडून, चांगली बाजू वर करून लाकडी चौकटीत रचून द्यायच्या. मसाला इतका बेताचा मऊ, की वीट हातानं दाबली तरी बसावी आणि थापीनं ठोकायची गरज पडू नये. एक वीट लावायला अठरा हालचाली लागत होत्या, त्या पाचांवर आल्या. त्या भागात ताशी १२० विटा लावण्याची सरासरी होती. गिलब्रेथच्या निवडक, सरावलेल्या गवंड्यांनी ती ३५० वर नेली. विटकामावरचं त्याचं पुस्तक १९०९ साली आलं आणि दोन वर्षांनी हालचालींच्या अभ्यासावरचं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. वेग वाढला तो गवंड्याला दटावून नव्हे. त्याचं वाकणं, शोधणं, थांबणं कमी केल्यामुळे वाढला. म्हणजे दोष हातात नव्हता, हाताभोवतीच्या मांडणीत होता. दुसरी गोष्ट त्याच्या पत्नीची. लिलियन गिलब्रेथ मानसशास्त्र शिकलेली, बारा मुलांची आई आणि नवऱ्याच्या संशोधनातली बरोबरीची भागीदार. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावर तिनं १९१४ साली पुस्तक लिहिलं. लेखक बाई आहे हे कळू नये म्हणून प्रकाशकानं मुखपृष्ठावर नावाची नुसती आद्याक्षरं घातली. माणूस थकतो कसा आणि कंटाळतो का, हे प्रश्न तिनं या विद्येत आणले. त्याच काळात फ्रेडरिक टेलर हातात घड्याळ धरून कारखान्यातल्या मजुरांचे सेकंद मोजत होता. गिलब्रेथच्या विटांची हकिकत त्यानंच १९११ साली आपल्या पुस्तकातून जगभर नेली. पण काम करण्याची सर्वांत चांगली पद्धत साहेबानं ठरवायची आणि मजुरानं ती पाळायची, हा त्याचा बाणा. कामगार संघटनांना ते रुचलं नाही आणि हा वाद या विद्येला जन्मापासून चिकटला. तिप्पट विटा लागल्या, तर मजुरी किती पट वाढली, हा त्या वादाचा गाभा.

मांडणी नीट केली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये उभं राहिलं. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा सांगाडा १९३० च्या मार्चमध्ये चढू लागला आणि १ मे १९३१ ला इमारत खुली झाली. १०२ मजले, सत्तावन्न हजार टन पोलाद, सुमारे एक कोटी विटा. भर कामाच्या दिवसांत आठवड्याला साडेचार मजले चढत होते. वास्तुरचनाकार, मालक आणि ठेकेदार पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसले होते. पोलादाच्या तुळया क्रमांक टाकून येत आणि रस्त्यावर पडून न राहता थेट वर जात. विटांचा ट्रक आला, की विटा घसरंडीवरून तळघरातल्या कोठारात पडत, तिथून खाली लावलेल्या गाड्यांत आणि गाड्या थेट वरच्या मजल्यावर. तिथं छोटे रूळच टाकलेले होते. जेवायला खाली उतरण्यात वेळ जाऊ नये म्हणून वरच्या मजल्यांवर खाणावळी होत्या. इमारत अंदाजापेक्षा बऱ्याच कमी पैशांत झाली. हा काळ महामंदीचा होता, हेही विसरता येत नाही. फाटकाबाहेर बेकारांची रांग असताना आत काम करणाऱ्याला ‘जमणार नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती. अधिकृत नोंदीप्रमाणे पाच कामगार तिथं मृत्यू पावले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विद्येच्या हाती संगणक आला. १९५७ साली ड्यू पाँट या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कामांची साखळी मांडण्याची एक रीत शोधली. तत्त्व साधं आहे. पाया झाल्याशिवाय भिंत नाही, वायरिंगच्या नळ्या बसल्याशिवाय गिलावा नाही, पण खिडक्यांच्या चौकटी मात्र या दरम्यान सुताराकडे तयार होऊ शकतात. अशा एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या अनेक साखळ्यांतली सगळ्यांत लांब साखळी जेवढे दिवस घेईल, त्याआधी इमारत पुरी होणार नाही. त्या साखळीतलं काम एक दिवस अडलं, की सगळी इमारत एक दिवस अडली. इतर ठिकाणी थोडी सैल असते. मोठ्या कामांच्या कचेऱ्यांत भिंतभर लावलेले तक्ते यातून आले.

तक्ते आले, तरी कामं रेंगाळतच राहिली. का, ते ब्रिटनमधल्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या अभ्यासकांनी १९६५ आणि १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या दोन अहवालांत सांगितलं. ही माणसं समाजशास्त्र, मानसशास्त्र यांतली. त्यांना दिसलं, की करारनामा, नकाशे, वेळापत्रक हे सगळं अशा थाटात लिहिलेलं असतं, की जणू पुढचं सारं ठाऊकच आहे. प्रत्यक्षात जमीन उकरल्यावर खडक लागतो, नकाशा बदलतो, माल उशिरा येतो. मग काम चालतं ते कागदाबाहेरच्या समजुतींवर. ‘तू एवढं सांभाळून घे, पुढच्या वेळी मी बघतो’ या बोलीवर. कागदावरची व्यवस्था आणि बोलीवरची व्यवस्था अशा दोन इमारती एकाच जागेवर उभ्या राहत असतात. आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला हे वाचून दाखवलं, तर तो म्हणेल, यात नवीन काय?

१९८३ साली इंग्लंडमध्ये बांधकाम व्यवस्थापन आणि अर्थकारण यांना वाहिलेलं एक संशोधनपत्र निघालं. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या देशातही बांधकाम व्यवस्थापन आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था, म्हणजे निकमार, स्थापन झाली. पुण्याजवळच्या बालेवाडीतलं तिचं आवार अनेकांनी पाहिलं असेल. ब्रिटनमध्ये १९९४ साली सर मायकेल लॅथम यांचा आणि १९९८ साली सर जॉन इगन यांचा अहवाल आला. इगन मूळचे मोटार उद्योगातले. त्यांच्या अहवालातले आकडे झोप उडवणारे होते. बांधकामाचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग म्हणजे आधी केलेलं पुन्हा करणं. मजुरांच्या क्षमतेचा उपयोग फक्त चाळीस ते साठ टक्के. किमान दहा टक्के माल वाया. खर्च आणि कालावधी दरवर्षी दहा टक्क्यांनी आणि अपघात वीस टक्क्यांनी कमी करावेत, अशी उद्दिष्टं त्यांनी समोर ठेवली.

यातल्या चाळीस ते साठ टक्क्यांच्या आकड्यापाशी मी थांबलो. वरवर वाचलं, तर ‘मजूर काम करत नाहीत’ या वाक्याला पुरावाच मिळाला असं वाटेल. पण त्याच सुमारास अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल एक वेगळीच मोजणी करत होते. त्याआधी १९९२ साली फिनलंडच्या लाउरी कोस्केला यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात लिहिलेल्या प्रबंधिकेत म्हटलं होतं, की बांधकामात आपण फक्त ‘करणं’ मोजतो. दोन करण्यांच्या मधलं थांबणं, वाहून नेणं, तपासणं आपण मोजतच नाही. बॅलार्ड-हॉवेल यांनी सोपा हिशेब केला. या आठवड्यात जी कामं करू असं ठरलं होतं, त्यांतली किती झाली? उत्तर निघालं, जेमतेम निम्मी. मग न झालेल्या प्रत्येक कामापुढे ‘का’ लिहायला लावलं. आधीचं काम संपलेलं नव्हतं, माल आला नव्हता, नकाशा मिळाला नव्हता, निर्णय झाला नव्हता, अशीच कारणं पुन्हा पुन्हा समोर येत गेली.

त्यावर त्यांनी जो उपाय सुचवला, तो ऐकायला फार साधा आहे. वरच्या कचेरीनं ‘हे व्हायलाच हवं’ म्हणून सांगायचं नाही. जो माणूस प्रत्यक्ष टोळी घेऊन काम करणार, त्याला आठवड्याच्या सुरुवातीला विचारायचं, की तुझ्याकडून काय होऊ शकेल? माल, नकाशा, जागा सगळं तयार आहे ना? नसेल तर ‘नाही’ म्हणण्याचा त्याला हक्क. एकदा ‘हो’ म्हटलं, की तो त्याचा शब्द. त्या माणसाला ते शेवटचा नियोजक म्हणतात. उतरंडीत सगळ्यांत खाली असलेला तो, म्हणून शेवटचा. आपल्या भाषेत तो मुकादम. ज्याला बोरघाटात फक्त माणसं हाकायला आणि पैसे वाटायला ठेवलं होतं, त्याला दीडशे वर्षांनी या विद्येनं पहिल्यांदा विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

यालाही दुसरी बाजू आहे. रेडिंग विद्यापीठाच्या स्टुअर्ट ग्रीन यांनी १९९९ सालीच इशारा दिला होता, की अपव्यय काढून टाकण्याच्या नावाखाली माणसाची उसंतही काढून टाकली जाईल. विटेसाठी थांबणं हा अपव्यय आहे. पण घमेलं उतरवून बाईनं झोळीतल्या मुलाला पाजणं हाही अपव्यय धरायचा का? पाणी पिणं? भर उन्हात सावलीला टेकणं? मोजणारा कुठे उभा आहे, यावर उत्तर बदलतं. तो मालकाच्या बाजूला उभा असेल, तर प्रत्येक थांबणं म्हणजे चोरी. तो परांचीवर उभा असेल, तर त्याला दिसेल, की थांबण्याची किंमत आधी मजूरच मोजतो. माल न आल्यामुळे अर्धा दिवस गेला, तर ठेकेदाराचं वेळापत्रक बिघडतं. नाक्यावरून आलेल्या माणसाची मात्र रात्रीची चूल बिघडते.

आपल्याकडे १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी केंद्रीय कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर घ्यावा आणि त्यातून मजुरांचं कल्याण साधावं, अशी ती योजना. नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याची अट होती. रोज सकाळी नाक्यावर उभं राहून रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्यानं नव्वद दिवसांचा दाखला कुणाकडून आणायचा? जमा झालेल्या पैशांचा मोठा भाग मजुरांपर्यंत पोहोचलाच नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली कठोर शब्द वापरले. पैसा होता, कायदा होता, मजूरही होते. मधली साखळी तुटलेली होती. तक्त्याच्या भाषेत बोलायचं, तर सगळ्यांत लांब साखळी तीच ठरली.

बोरघाटापासून आजवरच्या या प्रवासात संशोधकांनी घड्याळं वापरली, चित्रफिती काढल्या, संगणक लावले. फिरून फिरून ते जिथं आले, ते ठिकाण चाचांच्या ओट्यापासून फार दूर नाही. काम अडतं ते बहुतेक वेळा काम करणाऱ्याच्या हातात नसलेल्या गोष्टींमुळे, आणि त्या गोष्टी सगळ्यांत आधी त्यालाच कळलेल्या असतात. म्हणून ज्यांच्या घराचं, गल्लीतल्या गटाराचं किंवा गावच्या शाळेचं काम सध्या चालू आहे, त्यांना एवढंच सुचवतो. काम बघायला जाल, तेव्हा ‘किती झालं?’ हे विचारण्याआधी तिथल्या मिस्त्रीला ‘आज कशासाठी अडलं?’ असं विचारा, आणि तो सांगेल ते त्याच संध्याकाळी मिळवून द्या. भिंत दुसऱ्या दिवशी किती चढली, ते तुम्हालाच दिसेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)